बसस्टँडजवळच्या बाबांचं कुत्रं उचलून न्यायचं का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. जालन्यात बसस्टँडच्या भिंतीला लागून एक म्हातारे बाबा राहतात, त्यांच्याजवळ एक तांबडं कुत्रं आहे, अंगावरचे केस गेलेत, कातडी काळी जाड पडलीय, बरगड्या मोजता येतात आणि पोट मात्र फुगलंय. तुम्ही बिस्किटं दिली ती बाबांनी घेतली, पण "कुत्र्याला शेल्टरला नेतो" म्हणल्याबरोबर त्यांनी काठी उचलली. आता तुम्ही विचारताय की ते झोपेत असताना कुत्रं उचललं तर चालेल का, ज्याला स्वतःलाच खायला नाही त्यानं जनावर पाळावंच कशाला, आणि खरजेला कुठलं औषध द्यायचं.

सरळच सांगते, उचलून नेऊ नका. झोपेत तर अजिबातच नको. मी परभणीच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकले, प्रॅक्टिसला १९ वर्षं झाली, रोजचं काम गायी-म्हशी-शेळ्यांचंच आहे, पण गेली बारा वर्षं दर रविवारी सकाळी स्टेशन, उड्डाणपूल, मोंढा असं फिरून रस्त्यावर राहणाऱ्या माणसांची जनावरं बघते. त्यात जे चुकलं आणि जे जमलं त्यावरून लिहितेय. लांबेल थोडं, कारण एका ओळीत बसणारं हे काम नाही.

तुम्ही प्रश्न खरजेचा विचारलाय पण अडचण खरजेची नाही. खरूज बरी होते. अडचण अशी की ह्या कुत्र्याला मालक आहे, आणि त्या मालकाला नळ नाही, फ्रीज नाही, गोळ्या ठेवायला कोरडा कोपरा नाही, आणि दवाखान्याच्या दारात गेला तर त्याला कुणी "बसा" म्हणत नाही. आपल्याला नुसतं कुत्रं दिसतं, मालक दिसतच नाही. मग आपण त्याला विचारायचं सोडून आपसातच ठरवतो.

हे मी स्वतः केलंय म्हणून सांगते. प्रॅक्टिसच्या चौथ्या वर्षाची गोष्ट. रेल्वे पुलाखाली पन्नाशीचा एक माणूस राहायचा, बोलायचा कमी. त्याची एक पांढरी कुत्री होती, मागच्या पायाला जखम आणि जखमेत अळ्या पडलेल्या. तो पाणी आणायला गेलेला बघून आम्ही तिघांनी तिला गाडीत घातलं आणि एका शेल्टरला नेऊन सोडलं. जखम आठ-दहा दिवसांत भरत आली. पण तिथं जागेच्या दुप्पट कुत्री होती, हिला आयुष्यात एकही लस झालेली नव्हती, तिसऱ्या आठवड्यात डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा लागट विषाणूचा आजार, झाला, नाकाडोळ्यातून घाण, मग फिट, मग गेली. इकडं तो माणूस रोज पुलापासून कॉलनीपर्यंत हाका मारत फिरत होता हे मला चहावाल्याकडून कळलं. मी जाऊन सांगितलं तेव्हा त्यानं शिवी दिली नाही की आवाज चढवला नाही. तिची पाण्याची वाटी होती, डालड्याचा अर्धा कापलेला डबा, कडा दगडावर ठोकून बोथट केलेल्या, तिचं तोंड कापू नये म्हणून. तो डबा त्यानं माझ्या हातात दिला, "आता ह्याचं काय काम" म्हणला आणि तोंड फिरवून बसला. तो डबा आजही माझ्या क्लिनिकात आहे, ड्रेसिंगचा कापूस ठेवते त्यात.

म्हणून बाबांनी काठी उचलली हे वाचून मला उलट बरं वाटलं. काठी उचलतो म्हणजे तो माणूस त्या जनावरासाठी उभा राहतो, आणि असा माणूस असला की माझं निम्मं काम सोपं होतं. उघड्यावर झोपणाऱ्याला कुत्रं म्हणजे काय हे घरात झोपणाऱ्याला पटकन समजत नाही. रात्री उशाची थैली जाते, पायातली चप्पल जाते, पांघरूण ओढून नेतात, दारू पिऊन आलेले लाथ मारून जातात. कुत्रं असलं की माणसाला दोन तास तरी गाढ झोप लागते. बायामाणसांचं तर विचारूच नका. स्टेशनवरच्या एक आजी मला म्हणल्या होत्या, "पोरानं काढून देलं, ह्यो नाय देत. मपल्या आधी पाणी बी पेत न्हाई बाई." त्यांचा तो काळ्या सात वर्षं त्यांच्यासोबत होता.

आता "खायला नाही तर पाळतो कशाला" ह्याबद्दल. माझा अनुभव सांगते, रस्त्यावरच्या माणसाची कुत्री उपाशी असतात हा समज बऱ्याच वेळा चुकीचा निघतो. दोन भाकरी मिळाल्या तर एक कुत्र्याची, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता मोजत नाही. नामदेव महाराज आपल्या हिंगोलीच्या नरसीचे, कुत्रं भाकरी घेऊन पळालं तर कोरडी कशी खाईल म्हणून तुपाची वाटी घेऊन मागं पळाले असं आपण लहानपणापासून ऐकतो. मला ते पुलाखाली बघायला मिळतं. शिवाय ही कुत्री चोवीस तास माणसाजवळ असतात, गर्दीची सवय असते, दिवसभर साखळीला बांधून ठेवलेल्या बंगल्यातल्या कुत्र्यापेक्षा शांत असतात.

म्हणजे बरगड्या दिसतात म्हणून उपाशी ठेवलंय असं धरून चालू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून माझ्या डोक्यात तीन गोष्टी येतात. एक तर खुद्द खरूजच, रात्रंदिवस खाजवणारं जनावर झोपत नाही आणि वाळत जातं. दुसरं जंत, पोट फुगलेलं आणि पाठ हडकुळी. तिसरं गोचीड ताप, ह्यात हिरड्या पांढऱ्या पडतात, ताप राहतो, कधी नाकातून रक्त येतं. कुत्री असेल तर गाभणसुद्धा असू शकते, तुम्ही कुत्रा की कुत्री ते लिहिलं नाही. आणि पोट हलवल्यावर पाणी डुचमळल्यासारखं लागलं तर पोटात पाणी झालेलं असतं, तो मामला वेगळा आणि गंभीर. त्यामुळं तपासल्याशिवाय मी औषधाचं नाव लिहून देणार नाही, आणि दुसऱ्या कुणी दिलं तरी घेऊ नका.

हे मुद्दाम जोर देऊन सांगते कारण आपल्याकडं एक खोड आहे, खरूज म्हणलं की मेडिकलवरून आयव्हरमेक्टिन आणायचं आणि टोचायचं. ते इंजेक्शन जनावरांसाठी १ टक्क्याचं असतं, ५० किलो वजनाला १ मिली हा गायीबैलांचा हिशोब. बारा किलोच्या कुत्र्याला त्या हिशोबानं पाव मिली होतं, आणि लोक बिनधास्त २ मिली ठोकतात. मग कुत्रं लडबडतं, लाळ गाळतं, डोळ्याला दिसेनासं होतं, आणि आपण म्हणतो खरूज लई वाईट होती. काही जातीच्या कुत्र्यांना, कोलीसारख्या, ते नेहमीच्या डोसमध्येही सोसत नाही. वजन केल्याशिवाय औषध नाही, एवढं पक्कं धरा. आणि वजनासाठी काटा शोधत बसू नका, मी सगळी वजनं भंगारवाल्याकडं करते. रस्त्यावरचे बरेच जण भंगार, पुठ्ठा विकायला तिथं जातातच, काटेवाला ओळखीचा असतो, माणूस कुत्र्याला कडेवर घेऊन उभा राहतो, मग एकटा उभा राहतो, वजाबाकी केली की झालं.

औषध निवडताना मी घरच्या कुत्र्यासाठी वेगळा विचार करते आणि ह्यांच्यासाठी वेगळा. घरी "रोज एक गोळी, आठवड्यातून दोनदा औषधाची आंघोळ" चालतं. बाबांना आंघोळीला पाणी कुठलं, स्वतःला मिळालं तरी पुष्कळ. म्हणून जे काम एका भेटीत होईल ते चांगलं. हल्ली चघळायच्या गोळ्या येतात, फ्लुरालानर असलेली एक गोळी साधारण १२ आठवडे गोचीड-पिसवांना रोखते आणि खरजेच्या किड्यांवरही चांगली लागू पडते. महाग आहे, आणि ज्या कुत्र्याला पूर्वी फिट आलीय त्याला आम्ही जपून देतो. पण तुम्हाला पैसे खर्च करायचेच असतील तर पाच प्रकारचे शांपू, पावडर आणि कॉलर घेण्यापेक्षा डॉक्टरला विचारून त्या एका गोळीवर घाला. आणि कृपा करून जळकं ऑइल, रॉकेल, बॅटरीचं पाणी असलं काही कुणी लावत असेल तर थांबवा, मी कातडी सोललेली कुत्री बघितलीत.

रोज गोळी द्यायची वेळ आलीच, म्हणजे गोचीड ताप निघाला तर डॉक्सीसायक्लिन २८ दिवस द्यावं लागतं, तेव्हा मी मधे तिसरा माणूस घालते. बहुतेक वेळा चहावाला. गोळ्यांची पट्टी त्याच्याकडं, कारण पावसात भिजत नाही आणि उंदीर नेत नाहीत. सकाळच्या पहिल्या चहाला बाबा येणारच, कुत्रंही येणारच, तिथल्या तिथं पोळीच्या तुकड्यात गोळी, वरून थोडं पाणी पाजायचं म्हणजे घशात अडकत नाही, आणि दुधातून नाही द्यायची, दुधानं तिचं काम कमी होतं. कॅलेंडरवर रेघ मारायची. ही रेघ मारायचं काम बाबांनाच द्या. मी एका चहावाल्याच्या टपरीला खडूच्या २८ रेघा बघितल्यात, त्यातली शेवटची तिथल्या कुत्र्याच्या मालकानं हातभर लांब काढली होती.

खरजेचं अजून एक. बाबा स्वतः खाजवतात का ते बघा, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला. कुत्र्याची खरूज माणसाच्या अंगात कायमचं घर करत नाही पण एकाच पोत्यावर झोपल्यावर पुरळ आणि खाज उठते, आणि माणसाची स्वतःची खरूज वेगळी, तीही रस्त्यावर खूप असते. दोन्हीचा इलाज एकाच आठवड्यात व्हायला पाहिजे. बाबांना सरकारी दवाखान्यात घेऊन जा, मलम मिळतं. आणि अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यातून काढा, नाहीतर सरळ दुसरं द्या. हे केलं नाही तर महिन्याभरात परत तेच.

खायचं काय द्यायचं? पाच-दहा किलोची पेडिग्रीची पिशवी देऊ नका, ठेवणार कुठं, पहिल्या पावसात बुरशी. बिस्किटानं पोट भरल्यासारखं वाटतं पण त्यात मैदा नि साखर, अंगाला काही लागत नाही. ज्वारीची भाकरी चुरून त्यात बिनतिखटाचं वरण किंवा ताक, वर एक उकडलेलं अंडं, ह्याच्याइतकं सोपं, स्वस्त आणि चांगलं आपल्या भागात दुसरं काही नाही. चिकनवाल्याला सांगून ठेवलं तर मुंड्या-पाय मिळतात, ते उकडून, हाडं काढून द्यायचे. शिजलेलं हाड फुटून त्याच्या सुया होतात म्हणून हाडं काढायची. कांदा-लसणाचा रस्सा नको, कांद्यानं कुत्र्याचं रक्त कमी होतं. लगीनसराईत मंगल कार्यालयातलं उरलेलं तेलकट लोक भरभरून आणून टाकतात, दुसऱ्या दिवशी माझ्याकडं ओकाऱ्या आणि रक्ताच्या जुलाबाची रांग असते. आणि एक नियम, मी सगळ्यांना सांगते: एकट्या कुत्र्याचं नेऊ नका, दोघांचं न्या. बाबांच्या हातात काही नाही आणि कुत्र्यापुढं अंडं-भाकरी, हे बघायला त्यांना कसं वाटत असेल. शिवाय दोघांचं नेलं की बाबांना स्वतःच्यातलं तोडून द्यावं लागत नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो, फरशी आणि डांबर दुपारी पाय ठेवण्यासारखं नसतं. एक मातीचं पसरट भांडं भिंतीच्या सावलीच्या बाजूला ठेवून द्या. प्लास्टिकचं ठेवू नका, ते भंगारात जातं.

आता लस. माझ्या लेखी खरजेच्याही आधी रेबीजची लस येते आणि त्याचं कारण नुसतं आरोग्याचं नाही. रस्त्यावरचं कुत्रं कुणाला चावलं, नुसतं दात जरी लागला, तरी लोक आधी त्या माणसाला हाकलतात. लस झालेली असेल आणि कागद असेल तर बोलायला जागा राहते. तीन महिन्यांच्या वरच्या कुत्र्याला लस, पहिल्यांदाच असेल तर महिन्याभरानं आम्ही बूस्टर देतो, मग दरवर्षी. २८ सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिन आणि ६ जुलैचा झुनोसिस दिन (जनावरांपासून माणसाला होणाऱ्या आजारांचा), ह्या दोन्ही दिवसांच्या आसपास सरकारी पशुदवाखान्यांत आणि आमच्या कॉलेजसारख्या ठिकाणी मोफत लसीकरण होतं, तारखा लक्षात ठेवा. लस २ ते ८ डिग्रीत राहिली पाहिजे, त्यामुळं कुणी खिशातून काढून देत असेल तर नको म्हणा. आणि कार्डावर मालकाच्या जागी बाबांचं नाव घाला, तुमचं नको. पत्त्याच्या जागी मी "बसस्टँडच्या मागची भिंत" असंसुद्धा लिहिलंय. कार्ड लॅमिनेट करून, भोक पाडून, दोरीत ओवून द्यायचं, आणि फोटो तुमच्या मोबाईलमध्ये. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा.

पट्टा आणि कार्डाचा आग्रह एवढ्यासाठी की बाबा राहतात तो भाग बसस्टँडचा आहे. २२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना आहे त्याच भागात परत सोडायचं, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून. पण ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा-कॉलेज, दवाखाने, क्रीडा संकुलं, बसस्टँड-डेपो आणि रेल्वे स्टेशन ह्या आवारांतली भटकी कुत्री काढून शेल्टरला न्यायची आणि परत तिथं सोडायची नाहीत असं आलं. आता बाबा आवाराच्या आत झोपतात की भिंतीच्या बाहेर रस्त्याकडंला, ह्यावर बराच फरक पडतो. गाडी आली तर पट्टा नसलेलं खरजेलं कुत्रं हे भटकंच धरलं जाणार. त्यामुळं कार्ड-पट्टा करून घ्या आणि बाबांना समजावून त्यांचा बाडबिस्तरा भिंतीबाहेर, शक्यतो ओळखीच्या टपरीजवळ हलवता येतो का बघा. महापालिकेच्या ज्या माणसाकडं कुत्र्यांचं काम आहे त्याला जाऊन भेटा, भांडायला नाही, ओळख करून ठेवायला. "हे कुत्रं मालकाचं आहे, हे कार्ड" एवढं आधी सांगितलेलं असलं की नंतरची धावपळ वाचते.

नसबंदी हवीच, कुत्री असेल तर जास्तच, वर्षातून दोनदा पिल्लं आणि ती गाडीखाली किंवा पार्वो नावाच्या आजारानं जाताना बघणं हे त्या माणसाला किती जड जातं ते मी बघितलंय. पण टाके पडले की आठ-दहा दिवस कोरडं, स्वच्छ ठेवावं लागतं. मी पावसाळ्यात ही ऑपरेशनं करत नाही, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतच घेते, आणि पहिले चार-पाच दिवस कुत्रं माझ्या क्लिनिकच्या व्हरांड्यात आणि मालकही तिथंच झोपायला. महापालिकेच्या गाडीतून न्यायचं असेल तर बाबांना आधी सांगा, कुठं नेणार, किती दिवस, कुठल्या दिवशी परत. कानाला छोटी खाच मारतात ती कशाची हेही सांगा, नाहीतर त्यांना वाटतं मारलं कुणीतरी. आणि परत आणताना तुम्ही सोबत असा.

सगळ्यात अवघड जागा अजून पुढंच आहे. बाबा आजारी पडले तर? मी सांगते ते काय करतील, दवाखान्यात जाणार नाहीत. माझ्या ओळखीचे एक होते, शुगरमुळं पायाला जखम, अंगठा काळा पडत चाललेला, तीन वेळा ॲम्ब्युलन्स आली आणि तिन्ही वेळा त्यांनी नको म्हणलं. लोक म्हणायचे डोकं फिरलंय. डोकं जागेवर होतं, मोत्याला कुठं ठेवू हा सवाल होता आणि तो त्यांना कुणी विचारलाच नव्हता. मी म्हणलं माझ्याकडं ठेवते. ते लगेच हो म्हणले नाहीत. आधी येऊन जागा बघितली, मोत्या कुठं बांधणार, रात्री कोण असतं, सगळं विचारलं, मग गेले. अंगठा गेला पण पाय वाचला. अकरा दिवस मोत्या माझ्याकडं होता. रोज संध्याकाळी मी त्याला दवाखान्याच्या गेटपर्यंत न्यायची आणि ते वॉर्डाच्या खिडकीत येऊन उभे राहायचे. आत सोडत नाहीत, बरोबरच आहे. पण खिडकीतून बघितल्यावर ते जेवायचे असं सिस्टर म्हणल्या.

रात्रनिवाऱ्याचंही तसंच. शहरी बेघरांसाठी निवारे असतात, थंडीत-पावसात मोठा आधार आहे तो, पण मी जिथं जिथं विचारलं तिथं कुत्र्याला आत घेत नाहीत, आणि मग माणूस बाहेरच राहतो. लंडनमध्ये दोन पशुवैद्यांनी २०१६ मध्ये स्ट्रीटव्हेट नावाचं काम सुरू केलं, पाठीवर औषधांची पिशवी घेऊन बेघरांची कुत्री फुटपाथवरच तपासायची. पुढं ते तिथल्या निवाऱ्यांना कुत्र्यांसकट माणसं कशी ठेवून घ्यायची हे शिकवायला लागले. आपल्याकडं निवाऱ्याच्या मागं पत्र्याचं छप्पर आणि एक खुंटी एवढ्यानंसुद्धा भागेल. एका ठिकाणी व्यवस्थापकानं माझं ऐकलं, जिन्याखाली जागा दिली, त्या हिवाळ्यात तीन माणसं आत झोपली जी आधी कधीच आली नव्हती. तुमच्याकडं निवारा असेल तर जाऊन बोला. लस झाल्याचं कार्ड तिथंही कामी येतं.

थोडं विषय सोडून, पण जालन्याहून लिहिताय म्हणून: गावाबाहेर पालं टाकून राहणाऱ्यांची आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची कुत्रीही ह्याच प्रश्नात येतात, त्यांचं घर फिरतं असतं म्हणून कुठल्याच यादीत ती नसतात. टोळ्या दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडं निघतात, म्हणून मी दसऱ्याच्या आठवड्यात त्यांच्या वस्तीवर लस घेऊन जाते. नंतर गेलं की फक्त चुली दिसतात.

तुम्हाला वाटेल ही बाई कुठल्याच परिस्थितीत कुत्रं सोडवू देणार नाही. तसं नाही. माणूस दारूच्या नशेत त्याला मारतो, जखमा करतो, तर तो छळ आहे, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार होते आणि मी स्वतः केलीय. कुत्रं लेकरांना वारंवार चावतंय आणि माणसाच्या हाताबाहेर आहे, तर वेगळा विचार. माणूसच म्हणतो "आता होत नाही माझ्याच्यानं, चांगलं घर बघा", तर जरूर बघा, पण ते त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. आणि कुत्रं अचानक बदललं, आवाज घोगरा, जबडा लोंबतोय, लाळ, दिसेल त्याला चावतंय किंवा कोपऱ्यात अंधारात जाऊन बसतंय, तर हात लावू नका, बाबांनाही लांब करा आणि लगेच पशुदवाखान्याला कळवा. पिसाळलेलं जनावर वाचत नाही, माणूसही लक्षणं सुरू झाल्यावर वाचत नाही म्हणलं तरी चालेल. चावलं किंवा ओरखडलं तर आधी १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, मग सरकारी दवाखान्यात लस, हळद-चुना-मिरची काही भरायचं नाही.

तर तुमचं काम पुढच्या पंधरवड्यात एवढंच. ह्या रविवारी सकाळी लवकर जा, गर्दीच्या आधी. हातात दोन चहा आणि दोघांचं खाणं. शेल्टरचा शब्द काढू नका, मागच्या वेळचं बोललो ते चुकलं म्हणा. जमिनीवर बसा, उभं राहून बोलू नका. कुत्र्याला हात न लावता आधी त्याचं नाव विचारा, मग बाबांना विचारा की ह्याला कधीपासून असं झालं. ते सांगतील, लई बारीक सांगतील, कारण दिवसभर तेच तर बघत असतात. कदाचित पहिल्या दिवशी एवढंच होईल, होऊ द्या. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात दोघांना घेऊन जायचं ठरवा, रिक्षावाला आधी बोलून ठेवा कारण खरजेलं कुत्रं ऐनवेळी घेत नाहीत, आणि केसपेपर बाबांच्या नावानं काढा.

आणि एक काम बाबांकडून करून घ्या. कुत्र्याच्या कानाची कडा दोन बोटांत धरून त्यांना हलके चोळायला सांगा, तुम्ही नको, ते चोळतील. चोळताना त्याच बाजूचा मागचा पाय खाजवल्यासारखा आपोआप हलायला लागला तर ही किड्याची खरूज असण्याची शक्यता बरीच वाढते, आणि ती लवकर आटोक्यात येते. पाय हलला का नाही, आणि कुत्रा आहे की कुत्री, एवढं मला कळवा.